सुपडूआबांची गांडुळं

त्या गावातल्या माझ्या पहिल्याच सकाळी न्हाणीच्या मागे कुणीतरी खणत होतं. मी केस पुसत होते आणि पत्र्याच्या पलीकडून खरवडल्याचा आवाज येत होता. नवं गाव, भाड्याची खोली, एकटी बाई. मनात काय काय आलं ते सांगत नाही. गरम पाण्याची उरलेली अर्धी बादली उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. मोरीचं पाणी जिथं जिरायचं तिथं साठीचा एक माणूस उकिडवा बसला होता. हातात झिजलेलं खुरपं, शेजारी टाल्कम पावडरचा जुना डबा. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते बादलीकडे.

"मॅडम, पानी गरम शे का? आठे नका वतू. त्या मरी जातीन."

त्या म्हणजे कोण, असं मी दरडावून विचारलं. त्यानं दोन बोटांत धरून एक लांबलचक गांडूळ वर केलं, मला नीट दाखवलं आणि डब्यात ठेवलं. बादली माझ्या हातातच राहिली. पुढची चार वर्षं रोज सकाळी तो आवाज ऐकून मला जाग यायची, आणि ज्या दिवशी तो यायचा नाही त्या दिवशी चैन पडायचं नाही.

हे सुपडूआबा. माझ्या घरमालकीणबाईंचे, इंदूबाईंचे जेठ; म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. इंदूबाई आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, त्यांच्यामुळेच मला ती खोली मिळाली. त्यांचे यजमान रमण नदीत बुडून गेलेले. मुलगा राजू सुरतेला कामाला, त्याचा संसारही तिकडेच. आबांची बायको रमणच्याही कितीतरी आधी गेलेली. असं त्या घरात दोनच माणसं उरली होती, जेठ आणि भावजय, आणि तिसरी एक शेळी. मधल्या भिंतीच्या अलीकडे मी.

आबांच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून यांना जन्मल्याबरोबर सुपात घालून दाराबाहेर ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आईला दिलं, आणि नाव पडलं सुपडू. सुपातलं पोर मरत नाही, असं आबा सांगायचे. रमणच्या वेळी घरात धीर आला होता, म्हणून त्याला कुणी सुपात घातलं नाही, हेही सांगायचे. दुसरं वाक्य सांगताना ते खुरप्याची माती अंगठ्यानं काढत बसायचे. ती निघाली तरी काढत बसायचे.

मी विज्ञानाची शिक्षिका. सहावीला 'गांडूळ, शेतकऱ्याचा मित्र' हे मी दरवर्षी घसा खरवडून शिकवते, आणि या मित्राला आजतागायत हात लावलेला नाही. आबांना पुस्तकातलं एक अक्षर माहीत नव्हतं आणि गांडुळाबद्दल माहीत नव्हतं असं काही उरलं नव्हतं. डबा भरेपर्यंत ते तंबाखूला शिवायचे नाहीत, कारण तंबाखूच्या हातानं गांडूळ मलूल पडतं. आदल्या संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरून ठेवायचे, सकाळी ते अलगद उचलायचे, की खाली वेटोळी. बारीक लाल असतील ती लहान मासळीला, जाड करडी शिंगाळ्यासारख्या मोठ्या माशाला. डब्यात ओली माती आणि केळीच्या पानाचे तुकडे. एका खड्ड्यातली सगळी कधी काढायची नाहीत. निम्मी राहू द्यायची, माती परत लोटायची आणि वरून तळव्यानं थोपटायची, लेकराला झोपवताना थोपटतात तशी.

तिसऱ्याच दिवशी माझ्या धुण्याच्या पाण्याबद्दल तक्रार आली. साबणानं गांडुळांचं अंग भाजतं म्हणे. मी ते पाणी चर काढून दुसरीकडे वळवलं. मग चहाचा चोथा फेकू नका, तांदूळ धुतलेलं पाणी इकडेच सोडा, अशी एकेक फर्माईश सुरू झाली. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की खोली माझ्या नावावर असली तरी सोय गांडुळांची बघितली जाते. मी तसं बोलून दाखवलं. आबांनी गंभीरपणे मान हलवली. त्यांना त्यात चेष्टा दिसली नाही.

एवढी गांडुळं काढणारा हा माणूस स्वतः गळ टाकायचा नाही. गावाच्या खालीच तापी. खाली काही कोसांवर बंधारा झाल्यापासून पात्र बारमाही भरलेलं असतं, आणि शहाद्याकडून, पार तळोद्याकडून हौशी लोक गळ घेऊन येतात. बँकेचा शिपाई यायचा, सुट्टीवर आलेला एस.टी.चा ड्रायव्हर यायचा, केळीवाल्या बागायतदारांची माणसं यायची. सगळे आधी आबांच्या ओट्यावर. आबा कुणाकडून काही घेत नसत. फक्त एक प्रश्न विचारायचे.

"संगे कोन शे?"

बरोबर कुणी असेल तर केळीच्या पानात मूठभर गांडुळं. एकटा आला असेल तर नाही. तो कितीही मोठा असो, ओळखीचा असो, काकुळतीला येवो, नाही म्हणजे नाही. आणि गांडुळं दिली की आबा स्वतः मागोमाग काठावर जायचे आणि ती माणसं उठेपर्यंत तिथंच घुटमळायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला मासे बघायची हौस आहे.

घरात मात्र एक शब्द नसायचा. त्यांच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं जेठासमोर बोलायचं नाही, समोरून जाताना पदर पुढे ओढायचा, अशी जुनी रीत. आता गावातल्या नव्या सुना जेठाला मोबाइलवरून दळण आणायला सांगतात, पण इंदूबाईंनी रीत सोडली नव्हती. जेवण वाढून ठेवलं की त्या शेळीला सांगायच्या, "त्यासले सांग, भाकर निवी ऱ्हायनी." आबा शेळीला सांगायचे की येतो. मी राहायला आल्यावर शेळीची या कामातून सुटका झाली आणि ते माझ्याकडे आलं. दोघं चार हातांवर बसलेली, आणि मी मधे उभी राहून दूध नासलं, राजूचा फोन आला होता, उद्या अमावास्या आहे, असे निरोप इकडून तिकडे करायची. आधी मला हसू यायचं. पुढे येईनासं झालं, कारण निरोप सांगताना मी आबांचा चेहरा बघायला लागले होते. इंदूबाईंच्या तोंडचा प्रत्येक शब्द ते निकाल ऐकावा तसे ऐकायचे. भाकर निवली, एवढाच असला तरी.

याचं कारण मला जगन पाटलांच्या दिवशी कळलं. जगन पाटील म्हणजे आमच्या गावातले केळीचे मोठे बागायतदार, सढळ आणि थोडे बढाईखोर. त्यांनी ऑनलाइन गळाची काठी मागवली होती, घडीची, चकचकीत. ती घेऊन रविवारी सकाळी एकटेच आले. आबांनी विचारलं, संगे कोन शे. पाटील हसले, माझ्या बागेला लागून नदी आहे, मला कोण हवंय बरोबर. आबा खुरपं पुसत बसले. पाटील चिडले, मग समजावू लागले, मग परत चिडले. गडी केळी उतरवायला गेलेले, मुलगा नंदुरबारला. शेवटी त्यांची नजर माझ्यावर पडली. म्हणाले, या मॅडम आहेत की बरोबर.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचार केला, वह्या काय, नदीवरही तपासता येतील. अशा रीतीनं त्या दिवशी मी तापीच्या काठावर झाडाखाली सातवी ब-च्या वह्या तपासत, पाटलांची सोबत म्हणून बसले होते. पाटील पाण्यातल्या खडकावर जाऊन बसले. गळाच्या दोरीला बांधलेली मोराच्या पिसाची दांडी पाण्यावर तरंगत होती. आणि आबा माझ्या मागे येरझारा घालत होते. त्यांचं लक्ष गळाकडे नव्हतं, पाटलांकडेही नव्हतं. ते खाली वाकून जमीन बघत होते. चार पावलं जायचे, वाकायचे, माती चाचपायचे. आबा काय शोधता, असं मी विचारलं. काही नाही म्हणाले. मग बऱ्याच वेळानं आपणहून शेजारी येऊन बसले.

रमण त्याच खडकावरून गेला होता. चौदा वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, लख्ख उन्हात. खालचा बंधारा तेव्हा नवा होता आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पाणी अडवलं होतं. आदल्या दिवशी गावातून जीप फिरून कर्ण्यावरून सांगून गेली होती. पण घरातली सगळी विसरवाडीला सोयरिकीच्या बोलणीला गेली होती, ती रात्री आली. सकाळी रमण पुढे होऊन खडकावर जाऊन बसला. गांडुळं घेऊन ये, म्हणाला. आबा काठावर गांडुळं काढत राहिले. पावसाशिवाय नदी चढते, हे तापीकाठच्या माणसाला तोवर माहीतच नव्हतं. पाणी चढलं ते रमणच्या पाठीमागच्या बाजूनं, गुपचूप. तो परत यायला उतरला तेव्हा वाळू काढलेल्या खड्ड्यात गेला. आबा डबा घेऊन पोचले तेव्हा खडकावर नुसता गळ होता.

एवढं गावालाही ठाऊक होतं. गावाला ठाऊक नसलेलं आबा पुढे बोलले. ते पाण्याकडे बघत होते.

"रमणनी बायको मन्हासंगे बोलस नही. आधी बी बोले नही, आते बी बोलस नही. ते रीत म्हनीसन शे का मन्हावर राग शे म्हनीसन, माले समजत नही."

मी म्हटलं, आबा, तुमचा काय दोष. तोंडात येतं ते म्हणाले झालं. त्यांनी मान हलवली नाही. माझ्यासारख्या बोलक्या बाईला ही गोष्ट सुचलीही नसती, की एखादं माणूस चौदा वर्षं न बोलता समोर वावरतं आणि ते आपल्याला मान देतंय की शिक्षा देतंय, हे कळायला काही मार्गच नसावा. विचारायचं तर तीच रीत आडवी. आबांना एकच हवं होतं. इंदूबाईंच्या मनात काय आहे ते एकदा कळावं. मग ते काहीही असो.

मी आपल्या परीनं खडा टाकून पाहिला. शाळेत तांदूळ निवडताना इंदूबाईंना सहज म्हटलं, आबांशी एखादा शब्द बोलत जा ना, घरात दुसरं आहे कोण. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, जेठाशी कोण बोलतं मॅडम. आणि मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "त्या तुम्हले काही सांगतस का?" काय सांगतील, असं मी विचारलं. त्या परत तांदूळ निवडू लागल्या. तेव्हा मला वाटलं, बाई भोचक आहे थोडी. आता वाटतं, मी सगळं ऐकूनही किती बहिरी होते.

आबांची गावात थट्टा व्हायची. जमीन बघता बघता ते मधेच काठावरून ओरडायचे, उठा, बाहेर या. गळ टाकून बसलेले लोक घाबरून कपडे भिजवत बाहेर यायचे. पाणी काही चढायचं नाही. एकदा तर शोध लागला की वरच्या अंगाला कुणी उसाला पाणी भरलं होतं, ते मुरून खालची जमीन ओली झाली, म्हणून गांडुळं वर आली होती. तेव्हापासून चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, आबा, आज गांडूळ काय सांगतस. आता तर पाणी सोडायचं, अडवायचं असलं की मोबाइलवर निरोप येतो. आबांना तो दाखवला तर ते वाचणाऱ्याकडे दयेनं बघायचे. जगन पाटील सगळ्यात मोठ्यांदा हसायचे. पण आबा गांडुळं बघून का ओरडतात, हे त्यांच्यासकट कुणीही कधी विचारलं नाही. मीही नाही. वेडाला कारण विचारत नाही कुणी.

आणि एका दुपारी आबांनीच मला विचारलं.

शाळा सुटली होती. मी ओट्यावर बसून पुढच्या दिवशीचा पाठ काढत होते. आबा येऊन खाली बसले. फार दिवस घोळवलेला प्रश्न असावा, कारण त्यांनी तो एका दमात विचारला.

"मॅडम, पानी वर येवाना आधी गांडूळ वर येतस का? पाऊस नही, ढग नही, तरी?"

प्रश्न विचारला की शिक्षकाला काय होतं ते शिक्षकालाच माहीत. त्यातून सातवीच्या वर्गात वर्षानुवर्षं कुणी एक प्रश्न विचारलेला नसतो. मी खूश झाले. काडी घेऊन मातीत नदी काढली, काठ काढला, काठाच्या पोटात पाणी कसं कडेनं शिरतं ते काढलं. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, मातीतल्या फटी पाण्यानं भरल्या की त्याला गुदमरतं, म्हणून ते वर येतं. माणसाला पाणी दिसायच्या आधी त्याला कळतं. अगदी बरोबर निरीक्षण आहे आबा, म्हटलं. शाबासकीच दिली म्हणा ना.

किती आधी, असं त्यांनी विचारलं. अंदाजानं सांगते, मी म्हटलं, तास, दोन तास. आबा त्या मातीतल्या नदीकडे बघत होते.

"तितलामा मानूस खडकवर जाईसन परत येस," ते म्हणाले आणि उठले.

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. मला एकदम सगळं कळलं असं नाही. पण मातीतली ती नदी मी पायानं पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी न्हाणीमागे आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गोणपाट वाळून कडक झालं. ओट्यावर आलेले लोक परत गेले. इंदूबाई शाळेत मला म्हणाल्या, भाकरी तशाच परत येतात, त्यांना काय झालंय ते विचारा. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी कसली विचारते. मला माझ्या उत्तराची लाज वाटत होती आणि ते खोटं होतं असंही म्हणता येत नव्हतं. 'छे हो आबा, गांडुळांना काय कळतंय' एवढं एक वाक्य मला सुचलं असतं तर काय बिघडलं असतं? तो माणूस चौदा वर्षं शंकेत जगत होता. शंकेत थोडी तरी जागा असते. मी काडीनं रेघ मारून ती जागा बंद केली होती.

रविवारी सकाळी इंदूबाई अंगणातल्या चुलीवर भाकरी करत होत्या. मी आंघोळ करून बाहेर आले तर आबा ओट्यावर बसलेले. पाठ चुलीकडे, तोंड माझ्याकडे. चार दिवसांत गालफडं बसली होती. म्हणाले, मॅडम, तुम्ही ऐका. मला म्हणाले, पण आवाज अंगणभर जाईल असा लावला होता. हे मला सांगायचं नाहीये, हे मला तेव्हाच समजलं. शेळीला सांगतात तसं होतं ते.

"रमण गया त्या सकायले मी काठवर व्हतू. माले खनानी गरजच पडनी नही. गांडूळ आपोआप वर येत व्हतात, जठे दखो तठे. ढग नही, पाऊस नही. मी सांगं, आज नशीब शे. बशीसन डबा भरी लिधा." ते थांबले. खुरपं हातात नव्हतं, तरी अंगठा माती काढत होता. "त्या पानी सांगत व्हतात. मी खूश व्हयनू."

 चुलीजवळ भाकरी थापायचा आवाज बंद झाला. तव्यावरची भाकर करपायला लागली, तिचा वास आला, पण इंदूबाईंनी ती उलटली नाही. त्या तव्याकडेच बघत होत्या. पदर त्यांनी पुढे ओढला, नेहमीपेक्षाही पुढे, आणि मग त्या बोलल्या. माझं नाव घेतलं नाही, शेळीचं घेतलं नाही.

"मी बी व्हती तठे. नदीना मोडनापल्याड, वळणवर, धुणं धोत व्हती. मन्हा धुणावर चढनात त्या गांडूळ. माले किळस उनी. मी झटकी टाकात आनि वरना दगडवर जाई बसनी." त्यांचा आवाज चिरका होता, वापरात नसलेल्या दाराचा येतो तसा. "मी वर सरकनी. राजूना बापले हाक मारानं माले सुचनं नही."

आबा वळले नाहीत. जेठानं भावजयीकडे बघायचं नसतं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

इंदूबाई पुढे म्हणाल्या, "त्या रोज नदीवर जातस, वाकीसन जिमीन दखतस. माले वाटे, त्यासले ठाऊक शे. माले दखाडाकरता करतस. चौदा वरीस."

म्हणजे एका भिंतीच्या आत दोघांनी एकच सकाळ लपवून ठेवली होती. तिच्या गप्प राहण्याला ते आरोप समजत होते आणि त्यांच्या वाकण्याला ती. मला वाटलं, आता दोघं रडतील, मोकळी होतील, निदान एकमेकांकडे बघतील. तसं काही झालं नाही. आबा उठून न्हाणीमागे गेले आणि ओल्या जमिनीजवळ नुसते बसून राहिले. इंदूबाईंनी करपलेली भाकर शेळीला घातली, दुसरी थापली, आणि ती झाल्यावर ताट वाढून ओट्यावर ठेवलं. निरोप मात्र द्यायला कुणाला सांगितलं नाही. आबा थोड्या वेळानं आपणहून आले आणि जेवले. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले ती मीच.

आबांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. भावजयीचा राग नव्हता, कधीच नव्हता. पण त्यानं आबांची सुटका झाली का? पुढच्या दिवसांत मी बारकाईनं बघत होते. न्हाणीमागचं खणणं परत सुरू झालं. गोणपाट ओलं झालं. संगे कोन शे, हा प्रश्नही तोच. फरक इतकाच पडला, की आबा काठावर निघाले की इंदूबाईही निघू लागल्या. खिचडीचं काम उरकून, सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी, दहा पावलं मागे राहून, पदर घेऊन. आधी जमिनीकडे बघणारा एक माणूस होता, आता दोन झाले. गावाला हसायला आणखी एक विषय मिळाला. मला मात्र ते बघवायचं नाही. दोघांनाही आता ठाऊक होतं की त्या सकाळी आपण एकटे नव्हतो, आणि दुसऱ्यालाही कळलं नव्हतं. कुणाला वाटेल, याचा आधार वाटत असेल. मला विचाराल तर ती दोघं आता जास्त घाबरलेली होती.

त्या हिवाळ्यात संस्थेनं माझी बदली तळोद्याच्या शाळेत केली. निघायच्या सकाळी मी आबांचा निरोप घ्यायला मागे गेले, तर ते नव्हते. इंदूबाईही नव्हत्या. रिक्षात सामान भरलं. रस्ता नदीच्या काठाकाठानं जातो, तिथं मला दोघं दिसली. मी रिक्षा थांबवायला सांगितली.

आभाळ निरभ्र होतं. पाण्यातल्या खडकावर जगन पाटील आणि बँकेचा शिपाई गळ टाकून बसले होते, मजेत, आमच्याकडे पाठ करून. आबा पुढे चालत होते. आता त्यांना वाकायला वेळ लागायचा. इंदूबाई मागे होत्या. त्या एका जागी थांबल्या, खाली बसल्या, आणि तळवा जमिनीवर ठेवून जराशा तशाच राहिल्या. मग मान वर न करता, रस्त्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "आबा, आठे दखा."

शेळी नव्हती, मी दूर होते. त्या जेठाशी बोलल्या होत्या.

आबा मागे आले, त्यांच्या शेजारी बसले. काय दिसत होतं ते मला रस्त्यावरून दिसणं शक्य नव्हतं. आबा धडपडत उठले आणि नदीकडे तोंड करून ओरडू लागले. पण त्यांना खोकल्याची उबळ आली, आवाज फुटेना. खडकावरच्या पाठी तशाच. तेव्हा इंदूबाई उठल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला, तो त्यांनी घेतला नाही. दोन्ही हात तोंडाशी धरून, जेठाच्या देखत, गावाच्या देखत, त्या बाईनं हाक मारली.

"उठा रे. बाहेर या."

मग परत मारली. आणि परत. समोरची माणसं उठायला लागली तरी त्या थांबेनात. ती हाक खडकावरच्या त्या दोघांसाठी नव्हती. ती हाक ऐकून रिक्षावाल्यानं चालू केलेलं इंजिन बंद केलं. आबा खोकत खोकत त्यांच्या बाजूला उभे होते आणि त्यांच्याकडे बघत होते, सरळ तोंडाकडे.

जगन पाटलांनी पहिल्यांदाच न हसता काठीची घडी केली. शिपायाचा हात धरून ते पाण्यात उतरले आणि गुडघाभर पाण्यातून काठाकडे चालू लागले. रिक्षावाला म्हणाला, चला मॅडम, तुमची गाडी चुकेल. वळणापर्यंत मी मागे वळून बघत होते. इंदूबाई अजून हाका मारत होत्या आणि खडकावर कुणी नव्हतं.

पाणी त्या दिवशी चढलं की नाही, हे मी अजून कुणालाही विचारलेलं नाही.